संभाजीनगरातला स्पॅनिशचा बी-टू क्लास, जावं का नाही

सिडकोतल्या एका स्पॅनिश क्लासबद्दल लिहायलोय. नाव देत नाही, कारण पुढं नावं ठेवायचीत. बेसिक बॅचच्या भानगडीत पडू नका, एका बाकावर चौघं, पंख्याच्या घरघरीत ऑडिओ कळत नाही आणि गाडी लावायला जागा नाही ते वेगळंच. पण बी-टूवाल्यांचा, म्हणजे मधल्यापेक्षा वरच्या पातळीवाल्यांचा, लिखाणाचा जो तास आहे ना, तो लैच भारी, त्याच्यासाठी फी वसूल.

डेले म्हणजे स्पॅनिशची आंतरराष्ट्रीय परीक्षा, तिच्या बी-टूला लिखाणाला 80 मिनिटं असतात, दोन टास्क, प्रत्येकी 150 ते 180 शब्द. आपल्या पोरांचं तिथं काय होतं तर व्याकरण बरोबर, शब्द बरोबर, पण वाक्यं एकमेकाला ओळखच देत नाहीत. मग पोरगं 'पोर एसो' (म्हणून), 'आदेमास' (शिवाय), 'सिन एम्बार्गो' (तरीपण) ठोकत सुटायचं आणि जिथं काहीच बसंना तिथं एस्तो, म्हणजे नुसतं 'हे'. एस्तोमुळं असं झालं, एस्तो वाईट आहे, एस्तो थांबलं पाहिजे, वाचणाऱ्याला कळंना की नेमकं काय थांबवायचंय.

मॅडम इथंच पकडतात. मागं चार वाक्यांत जे सांगितलं ते एका भाववाचक नामात गुंडाळा आन् पुढचं वाक्य तिथून उचला, एस्ता सितुआसिओन (ही परिस्थिती), एस्ता देसिसिओन (हा निर्णय), एस्ते प्रोब्लेमा (ही समस्या). आपल्या पेपरात 'या प्रकारामुळे परिसरात खळबळ' येतं की नाही, तेच काम. पण खरी मजा पुढं आहे. त्यांनी विषय दिला जायकवाडीचा, वरच्या धरणांतून पाणी सोडायचं का नाही. बॅचमध्ये एक नाशिकचा पोरगा, बाकी सगळे इकडचे. पाणी सोडलं हे पहिलं वाक्य सगळ्यांचं सारखंच, पण दुसऱ्या वाक्याची सुरुवात आमच्यातल्या एकीनं एस्ते देरेचो केली, म्हणजे हा हक्क, आणि नाशिकवाल्यानं एस्ते रोबो, म्हणजे ही चोरी. झालं, तिथंच जुंपली! मॅडम म्हणल्या, बघा, अजून कुणी एक मुद्दासुद्धा मांडला नाही आणि दोघांचं मत वाचणाऱ्याच्या गळी उतरलंय, आता पुढच्या ओळीत ते सिद्ध करा नायतर नुसतं देसिसिओन लिहा. हे मला कुठल्या ॲपनं शिकवलं नव्हतं.

वही तपासताना पण कडक आहेत. सगळीकडं एस्ते एचो, म्हणजे 'ही गोष्ट', लिहिलं की लाल पेनानं 'कसला एचो?'. प्रोब्लेमा शेवटी आ असून पुल्लिंगी, सिओनवाले स्त्रीलिंगी, त्यामुळं एस्ते का एस्ता इथं घसरलात तर सगळा सांधा खिळखिळा. पत्रात दिचा मेदिदा, म्हणजे 'सदर उपाययोजना', टाईप सरकारी भाषा कुठं चालते, मैत्रिणीला लिहिताना का शोभत नाही, तेही सांगतात.

नावं ठेवायची तर एल एचो दे के (म्हणजे '... ही गोष्ट') लिहिल्यावर सबजंक्टिव्ह, म्हणजे क्रियापदाचं शक्यता-इच्छेचं रूप, कधी लावायचं हे भरभर उरकलं, आणि नोट्सची झेरॉक्स इतकी फिकट की अर्ध्या ओळी अंदाजानं वाचायच्या. बोलण्याचा सराव तर नावालाच. वेरूळ-अजिंठ्याला गाईड व्हायचं म्हणून कुणी यायलं असंल तर त्यानं दुसरीकडं बघावं, पण परीक्षेत लिखाणावर अडकलेल्यानं डोळे झाकून जावं. संध्याकाळची बॅच घ्या, दुपारी लाईट जाते.