इन्स्पायर-मानक: दहा हजारांत काय येतं आणि काय येत नाही

शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांना पैसे देणारी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर-मानक ही योजना सोलापुरातल्या मुख्याध्यापकांना नावाने माहीत असते. परिपत्रक येतं, फायलीला लागतं आणि मुदत संपत आली की कुणाची तरी कल्पना घाईघाईने भरली जाते. सेवा म्हणून योजना मात्र चांगली आहे. शाळेने पाचपर्यंत कल्पना पाठवायच्या, निवड झाली की विद्यार्थ्याच्या बँक खात्यात थेट १०,००० रुपये जमा होतात. त्यातून मॉडेल करायचं आणि जिल्हा प्रदर्शनापर्यंत न्यायचं. पुढे राज्य, मग राष्ट्रीय पातळी. कल्पना मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, मुलाला ज्या भाषेत सुचते त्या भाषेत लिहिली तरी चालते. या शहरासाठी ही मोठीच सोय, पण वापरतं कोण!

कल्पना नाकारल्या जातात त्याचं पहिलं कारण म्हणजे त्या दुकानातल्या असतात. इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा जेसीबी, ज्वालामुखी, अंधांसाठी वाजणारी काठी, झाकण आपोआप उघडणारा कचऱ्याचा डबा. तपासणाऱ्यांनी हे शेकड्याने पाहिलेलं असतं आणि योजनेला मुळात नवी कल्पना हवी असते. खरं तर सोलापुरात कल्पनांचा दुष्काळ नाही. साध्या यंत्रमागावर धोट्यातली सुताची कांडी संपत आल्याचं दाखवणारा दिवा, मागावरच्या धुळीसाठी अंगावर सहज टिकणारा मास्क, तासन् तास विड्या वळणाऱ्या बाईची पाठ वाचवेल असं बैठं पाट-टेबल, काही दिवसांआड येणारं नळाचं पाणी टाकीत किती साठलं ते सांगणारी खूण. कांडीच्या दिव्याला परीक्षक लगेच विचारतील, 'स्वयंचलित मागावर ही सोय आहेच की!' तेव्हा साध्या मागावर तीच गोष्ट किती स्वस्तात बसते, हे खर्चासकट सांगता आलं पाहिजे.

दुसरं कारण बँकेचं. खातं विद्यार्थ्याच्या नावाचं, चालू आणि आधारशी जुळणारं हवं. नावात 'कुमार' एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरही पैसे अडकतात. बँकांच्या विलीनीकरणानंतर जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड बदललेला असतो. फॉर्म भरण्याआधी शाखेत जाऊन कोड विचारावा आणि खात्यात एक छोटी रक्कम टाकून पाहावी.

मॉडेलच्या खर्चात अर्डुइनो उनो या छोट्या नियंत्रक बोर्डाची नक्कल, अंतर मोजणारा एक अल्ट्रासॉनिक सेन्सर, हव्या त्या कोनात फिरणारी सर्वो मोटर आणि वायरी एवढं हजाराच्या आसपास बसतं. म्हणजे दहा हजार पुरतात, उरतातही. अडतं ते जोडणीत. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी सर्वो सुरू होताना लागणारा प्रवाह पेलत नाही. व्होल्टेज पडतं, बोर्ड रिसेट होतो आणि परीक्षकांसमोर मॉडेल नुसतंच थरथरतं. सर्वोला चार एए सेलची वेगळी जोडणी द्या. बोर्डाचं आणि सर्वोचं ग्राउंड (ऋण टोक) मात्र एकच ठेवा. नुसत्या ग्लू गनवर विसंबू नका. उन्हात उभ्या गाडीत तो डिंक मऊ होतो, स्क्रू बरे. आणि मॉडेल एसटीत मांडीवर मावेल एवढंच करा. सनबोर्डचं चार फुटी गाव प्रदर्शनात पोचेपर्यंत निम्मं उरतं.

आता न दिसणारी बाजू. हे दहा हजार कुणाचे, असं विजेत्या मुलाला विचारलं तर उत्तर येतं, 'सरकारचे.' 'सरकारकडे कुठून आले?' हा पुढचा प्रश्न नागरिकशास्त्राचा आहे आणि तो तासच होत नाही. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राची ४० गुणांची प्रश्नपत्रिका, त्यात राज्यशास्त्राला १२. पाच धडे ओळीत वाचून दाखवले की झालं. गंमत म्हणजे संविधानाच्या कलम ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलंय, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून. विज्ञान आणि नागरिकशास्त्र एकमेकांना तिथेच भेटतात. शाळेच्या वेळापत्रकात मात्र भेटत नाहीत.

एनसीईआरटीने २०२३ च्या दहावीच्या पुस्तकांतून उत्क्रांती आणि आवर्त सारणी वगळली, लोकशाहीसमोरील आव्हानं आणि चळवळींवरची प्रकरणंही वगळली. त्यावर देशभर बराच वाद झाला. राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकांत हे चारही विषय आहेत. पुस्तकात असणं आणि वर्गात होणं या दोन वेगळ्या गोष्टी, एवढंच.

योजनेच्या रकमेवरही वर्गात वाद व्हायला हवा. अटल टिंकरिंग लॅब या केंद्राच्याच शालेय प्रयोगशाळा योजनेत एका शाळेमागे २० लाख मिळतात, १० लाख उभारणीला आणि १० लाख पुढच्या पाच वर्षांच्या चालवण्याला. तेवढ्यात मानकचे २०० विद्यार्थी होतात. कोणतं बरं? लॅबमध्ये थ्री-डी प्रिंटर असतो, पण तो चालवायला शिकवणारा माणूस नसेल तर खोलीला कुलूप लागतं. मानकमध्ये सामान स्वस्त, पण शिक्षकाच्या तासांचा हिशेबच नाही. आमचं मत मानकच्या बाजूला झुकतं. पैसे थेट मुलाच्या खात्यात येतात, हे त्याचं मोठं कारण. वरच्या पातळीवरही हाच प्रश्न आहे. देशातल्या संशोधनाला पैसा देण्यासाठी २०२३ च्या कायद्याने झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा पाच वर्षांचा अंदाज ५०,००० कोटींचा, पण त्यातले सरकारचे १४,००० कोटी, बाकी उद्योग आणि देणग्यांतून यायचे. संशोधनावरचा देशाचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ०.६४ टक्के होता. हा आकडा फळ्यावर लिहून दहावीत अर्धा तास भांडू द्यावं.

शाळांनी एक जोडकाम करून पाहावं. पाण्याच्या टाकीचं मॉडेल करणाऱ्या गटानेच महापालिकेला माहिती अधिकारात विचारावं, आपल्या प्रभागात पाणी कोणत्या दिवशी, किती वेळ सुटतं? अर्ज एका विषयापुरता, १५० शब्दांत, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, सही पालकाची. उत्तराची मुदत ३० दिवस. पोच घ्यायला विसरू नका. आलेलं उत्तर मॉडेलशेजारी चिकटवावं. परीक्षक नेमकं तिथेच थांबतात.

गुण द्यायचेच तर योजनेला पाचपैकी चार, शाळांच्या अंमलबजावणीला दोन. प्रदर्शनाआधी सेन्सर मुळात कसा चालतो ते मुलांना कळायला हवं, त्यासाठी केगावच्या विज्ञान केंद्रात एक चक्कर पुरेशी आहे.