शर्ली वॉकर यांचा बॅटमॅन : दोन सीडींच्या संचाचे परीक्षण

‘बॅटमॅन : द अ‍ॅनिमेटेड सिरीज’ या मालिकेच्या पार्श्वसंगीताचा पहिला संच ला-ला लँड रेकॉर्ड्स या अमेरिकन कंपनीने 2008 मध्ये काढला. दोन सीडी, एक सचित्र पुस्तिका आणि 3000 प्रतींची मर्यादित आवृत्ती, असे त्याचे स्वरूप होते. सुपरहिरोंच्या मालिका आणि कार्टून यांचे संगीत जमवण्याचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे, आणि सांगलीत राहून असा नाद जोपासायचा म्हणजे प्रत्येक खरेदी चार वेळा विचार करूनच करावी लागते. म्हणून मत आधीच सांगून टाकतो : या प्रकारच्या संगीताचा एकच संच घरात ठेवायचा असेल, तर तो हाच असावा.

या मताचे मुख्य कारण मालिकेच्या जडणघडणीत आहे. दूरचित्रवाणीवरच्या कार्टून मालिकांसाठी संगीताचे काही ठरावीक तुकडे एकदाच ध्वनिमुद्रित करून ठेवायचे आणि पाठलाग आला की पाठलागाचा तुकडा, विनोद आला की विनोदाचा तुकडा, असे तेच तेच संगीत भागामागून भागाला चिकटवायचे, ही पद्धत वर्षानुवर्षे रूढ होती. 1992 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या मालिकेने ती मोडली. जेमतेम बावीस मिनिटांच्या प्रत्येक भागासाठी स्वतंत्र संगीत रचले गेले आणि ते वादकांच्या ताफ्याने प्रत्यक्ष वाजवले. लहान मुलांच्या कार्यक्रमासाठी इतके कष्ट आणि इतका पैसा त्या काळी क्वचितच खर्ची पडत असे. केबलवर ही मालिका पाहताना आपल्यापैकी अनेकांना ते कळले नसेल, कारण संवाद, गाड्यांचे आवाज आणि मारामारीचे ठोसे यांच्याखाली ते संगीत दबलेले असे. सीडीवर मात्र हा सारा गोंगाट बाजूला होतो आणि त्याखाली किती बारकाईचे काम झाले होते, ते प्रथमच स्वच्छ ऐकू येते.

या कामाच्या सूत्रधार होत्या शर्ली वॉकर. 1989 च्या ‘बॅटमॅन’ या चित्रपटासाठी डॅनी एल्फमन यांनी रचलेल्या संगीताच्या वेळी वाद्यवृंदाचे संचालन त्यांनी केले होते, आणि 1990 मधील ‘द फ्लॅश’ या मालिकेचे पार्श्वसंगीतही त्यांचेच होते. 1992 मध्ये एका मोठ्या हॉलिवुडपटाचे संगीत त्यांनी एकटीने सांभाळले. तोवर तिथे हा मान फारच थोड्या स्त्रियांच्या वाट्याला आला होता. बॅटमॅन मालिकेत त्यांनी स्वतः तर रचना केल्याच, शिवाय लोलिता रिटमॅनिस आणि मायकेल मॅकक्विश्चन यांसारख्या नव्या संगीतकारांना हाताशी धरून घडवले. हे दोघे पुढे सुपरमॅन, जस्टिस लीग, टीन टायटन्स अशा मालिकांचे संगीत देत राहिले. म्हणजे पुढच्या पंधरा-वीस वर्षांच्या सुपरहिरो कार्टूनचा आवाज या एका बाईंच्या तालमीत तयार झाला. 2006 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. हा संच त्यानंतर दोन वर्षांनी आला, त्यामुळे तो त्यांच्या हाती पडू शकला नाही, याची चुटपुट पुस्तिका चाळताना प्रत्येक वेळी लागते.

प्रत्यक्ष संगीताकडे वळतो. सुरुवात अर्थातच एल्फमन यांच्या शीर्षकसंगीताने होते. ते जेमतेम मिनिटभराचे आहे, आणि पडद्यावर मालिकेचे नावसुद्धा न दाखवता केवळ चित्र आणि सूर यांच्या जोरावर ओळख पटवून देणारे ते आरंभदृश्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ते अजून पाठ असेल. खरी मौज त्याच्या पुढे आहे. एल्फमन यांची धून बाजूला ठेवून वॉकर यांनी बॅटमॅनसाठी स्वतःची निराळी धून बांधली, आणि भागांच्या पोटात जी वारंवार येते ती हीच. एल्फमन यांचा बॅटमॅन अंगावर धावून येतो. वॉकर यांचा बॅटमॅन आधी दुःखी आहे आणि मग शूर आहे. फ्रेंच हॉर्न या पितळी फुंकवाद्यावर ही धून जेव्हा वर चढते, तेव्हा तिच्यात विजयाचा आनंद जवळजवळ नसतोच. आई-वडिलांच्या हत्येचे ओझे वागवणारा माणूस पुन्हा एकदा कामाला निघाला आहे, एवढेच ती सांगते. एकच धून कधी दोन-तीन सुरांत आटोपते, कधी तारवाद्यांवर संथपणे उलगडते, तर कधी पाठलागाच्या धांदलीत मध्येच डोकावून नाहीशी होते. संच सलग ऐकला तरच हा खेळ लक्षात येतो.

‘ऑन लेदर विंग्ज’ या भागाचे संगीत मी सर्वांत वर ठेवीन. मॅन-बॅट या वटवाघूळ-मानवाला धरून बॅटमॅन रात्रीच्या शहरावरून उडतो, त्या प्रसंगात संवाद जवळपास नाहीत आणि सगळी भिस्त वाद्यवृंदावर आहे. चित्र समोर नसतानाही उंची, वेग आणि भोवळ या तिन्ही गोष्टी कानाला जाणवतात. ‘टू-फेस’ या दोन भागांच्या कथेत बॅटमॅनच्या मित्राचा खलनायक होतो. तिथले संगीत भीतीपेक्षा शोकाकडे अधिक झुकलेले आहे आणि ते तसेच असायला हवे होते. ‘जोकर्स फेव्हर’ ही सर्वस्वी वेगळी चीज आहे. जोकरची साथीदार हार्ली क्विन या पात्राचे पहिले दर्शन याच भागात घडले. जोकर या बॅटमॅनच्या शत्रूसाठी वॉकर यांनी सर्कशीच्या बँडची आठवण करून देणारी धून योजली आहे. ती ऐकताना आधी गंमत वाटते आणि मग हळूहळू नकोशी व्हायला लागते, आणि या पात्राचे याहून नेमके वर्णन शब्दांतही करता येणार नाही. ‘द लास्ट लाफ’मध्ये नव्वदच्या दशकातला आधुनिक ठेका वापरून पाहिला आहे. तो मला या सगळ्यात उपरा वाटतो, आणि तो तुकडा मी बहुधा पुढे सरकवतो.

मिरजेत तंबोरे बनवणारे एक वृद्ध कारागीर आमच्या घरोब्यातले आहेत. एकदा घरी आले असताना त्यांना मी ‘ऑन लेदर विंग्ज’ ऐकवले. बॅटमॅन कोण हे त्यांना ठाऊक नव्हते आणि मीही सांगितले नाही. थोडा वेळ ऐकून त्यांनी विचारले, “हे सगळं माणसांनीच वाजवलंय ना? मशीनचं नाही?” “हो चाचा, सगळे वादक बसून वाजवलंय,” मी म्हणालो. मग त्यांनी तोच तुकडा पुन्हा लावायला सांगितला आणि खाली घुमणारे ते खर्जातले वाद्य कोणते, त्याच्या तारा पेलणारी घोडी केवढी असते, ते गजाने वाजवतात की बोटांनी, अशी चौकशी केली. डबल बासचे चित्र शोधून दाखवल्यावरच त्यांचे समाधान झाले. ध्वनिमुद्रणाची याहून चांगली परीक्षा मला घेता आली नसती. दूरचित्रवाणीसाठी मुद्रित केलेल्या या संगीतात एकेक वाद्य आपापल्या जागी उभे आहे, आणि खर्जातल्या तारांवर गज घासला जातानाची किंचित खरखरही हेडफोनवर ऐकू येते.

उणिवा आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात. मालिकेचे संगीत प्रसंगाबरहुकूम कापलेले असते. त्यामुळे कित्येक तुकडे अर्ध्या-पाऊण मिनिटात संपतात. निर्मात्यांनी असे तुकडे एकापुढे एक जोडून मोठे ट्रॅक केले आहेत, तरी काही ठिकाणी सांधा जाणवतो. एखादी धून आत्ता कुठे रंगू लागली आहे असे वाटते आणि दृश्य बदलल्यामुळे ती तुटते. आपल्याकडे बैठकीत रागाचा विस्तार ऐकण्याची सवय असलेल्या कानाला हे सुरुवातीला खटकते. नियमित श्रोत्याला ते अंगवळणी पडते, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याने दोन्ही सीडी एका दमात ऐकू नयेत. एका वेळी एकच भाग ऐकावा. पुस्तिकेतील अक्षर फार बारीक आहे आणि गडद पानांवर ते वाचताना डोळे शिणतात. मजकूर मात्र तसाच वाचावा इतका मोलाचा आहे, कारण कोणत्या भागाचे संगीत कोणी रचले, हे तिथे नावानिशी नोंदलेले आहे. ऑनलाइन ऐकताना ही नावे सहसा हरवतात. सगळे काही एकाच नावावर खपवले जाते आणि रिटमॅनिस किंवा मॅकक्विश्चन यांचे कष्ट ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. माझ्यासारखा माणूस आजही सीडी का घेतो, याचे हे एक सबळ कारण आहे.

सांगली-साताऱ्याकडून हा संच मागवू इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. आवृत्ती मर्यादित असल्याने बहुधा वापरलेली प्रतच मिळते. विक्रेत्याकडून दोन्ही सीडींच्या चकचकीत बाजूचे आणि पुस्तिकेच्या कडांचे फोटो मागवून घ्यावेत, आणि पुस्तिका नसलेली प्रत स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. माझ्या पार्सलमधली प्लास्टिकची डबी वाटेतच तडकली होती. पाठवणाऱ्याने बुडबुड्यांचा कागद एकेरी गुंडाळला होता. सीडीला ओरखडा आला नाही हे नशीब, आणि नवी डबी काही रुपयांत मिळाली. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क मूळ किमतीच्या बरोबरीला जाऊ शकते, हे आधीच गृहीत धरावे. सीडी आली की पहिल्याच दिवशी संगणकावर तिची अविकृत डिजिटल प्रत करून ठेवावी आणि मूळ सीडी दमट हवेपासून जपावी. कृष्णाकाठच्या पावसाळ्यात पुस्तिकेची पाने एकमेकांना चिकटतात. म्हणून मी ती सीडीच्या डबीतून काढून वेगळ्या पाकिटात ठेवतो.

पहिला संच आवडला तर पुढची वाट मोठी आहे. याच मालिकेचे पुढचे खंड 2012 पासून येत गेले, आणि 1993 च्या ‘मास्क ऑफ द फँटॅझम’ या चित्रपटाच्या संगीताची विस्तारित सीडीही याच कंपनीने काढली. त्या चित्रपटाच्या आरंभीचे समूहगान लॅटिन प्रार्थनेसारखे भासते. प्रत्यक्षात त्यात सहकाऱ्यांची नावे उलटी करून गायली आहेत, आणि हे कळल्यावरही त्या समूहस्वराचा दरारा तसूभर कमी होत नाही. सुपरमॅन मालिकेचा संच चार सीडींचा आहे आणि खर्चही त्याच मापाचा आहे. तो दुसऱ्या क्रमांकावर न घेता आधी ‘फँटॅझम’ घ्यावा. तिथे वॉकर यांच्या त्याच धुनेला पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा अवकाश मिळाला आहे, आणि पहिल्या संचात जी अपुरी राहिल्यासारखी वाटते ती इथे शेवटपर्यंत जाते.