जेनबँक आणि ब्लास्ट: वनस्पतींच्या वर्गीकरणासाठी कितपत भरवशाचे?

वनस्पतीच्या डीएनएचा अनुक्रम, म्हणजे त्यातील अक्षरांचा क्रम, हाती आला की बहुतेक अभ्यासक तो जेनबँक या अनुक्रमांच्या खुल्या साठ्याच्या ब्लास्ट या शोधसेवेत टाकतात आणि यादीत सर्वांत वर आलेले नाव आपल्या वनस्पतीचे म्हणून लिहून मोकळे होतात. सेवा उत्तम आहे. ती वापरण्याची ही रीत मात्र चुकीची आहे. आपण दिलेल्या अनुक्रमाशी साठ्यातील कोणते अनुक्रम सर्वाधिक जुळतात, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर ब्लास्ट देते. वनस्पतीची जात कोणती आणि तिचे सर्वांत जवळचे नातेवाईक कोण, हे दोन प्रश्न निराळे आहेत, आणि या परीक्षणाचा रोख त्या फरकावर आहे.

जेनबँक 1982 साली सुरू झाली आणि आज ती अमेरिकेतील राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान माहिती केंद्राकडून चालवली जाते. युरोप आणि जपानमधील भगिनी-साठ्यांशी तिची रोज देवाणघेवाण होते, त्यामुळे तिन्हींपैकी कोठेही जमा झालेला अनुक्रम इथे सापडतो. ब्लास्टची पद्धत 1990 मध्ये प्रसिद्ध झाली. संपूर्ण अनुक्रम अक्षर न् अक्षर ताडून पाहण्याऐवजी ती आधी लहान तुकड्यांची जुळणी शोधते आणि जिथे जुळणी लागते तिथून दोन्ही बाजूंना पुढे सरकते. वेग येतो तो यातूनच. ही सारी सेवा विनामूल्य आहे आणि साध्या शोधासाठी खाते उघडण्याचीही गरज नाही.

या साठ्याचे खरे मोल वंशवृक्ष मांडताना कळते. हरितलवकातील आरबीसीएल या जनुकाचे सुमारे 500 बीजधारी वनस्पतींमधील अनुक्रम एकत्र करून 1993 मध्ये एक मोठा वंशवृक्ष प्रसिद्ध झाला. 1998 मध्ये एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप) या वनस्पतीशास्त्रज्ञांच्या गटाने सपुष्प वनस्पतींचे नवे वर्गीकरण मांडले, आणि 2016 च्या चौथ्या आवृत्तीत त्यात 64 गण व 416 कुले आहेत. पाण्यात वाढणारे कमळ दिसण्यावरून वॉटरलिलीचे भावंड वाटते, पण डीएनएच्या पुराव्याने ते प्लॅटॅनस आणि प्रोटिया या जमिनीवरच्या झाडाझुडपांच्या गणात गेले. वॉटरलिली मात्र सपुष्प वनस्पतींच्या अगदी सुरुवातीच्या फांद्यांपैकी एकीवर राहिली. अशा निष्कर्षांमागचे अनुक्रम बहुतांशी इथे खुले असल्यामुळे शंका घेणारा कोणीही ते उतरवून घेऊन स्वतः पडताळणी करू शकतो. माझ्या मते या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू हीच आहे.

निकालाचे पान वाचायला मात्र शिकावे लागते. आरबीसीएलचा पूर्ण लांबीचा, सुमारे 1,400 अक्षरांचा अनुक्रम टाकला की पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ई-मूल्य, म्हणजे अशा जुळण्या निव्वळ योगायोगाने किती मिळतील याचा अंदाज, 0.0 दिसते. नवख्याला वाटते की सगळ्याच जुळण्या अचूक आहेत. प्रत्यक्षात हे जनुक वनस्पतींमध्ये इतके सावकाश बदलते, की दूरच्या कुलांतील जुळणीही योगायोगाने झाली असे म्हणता येत नाही, 0.0 चा अर्थ तेवढाच. म्हणून नजर साम्याच्या टक्केवारीवर आणि आपल्या अनुक्रमाचा किती भाग झाकला गेला त्या रकान्यावर ठेवावी, कारण निम्म्याच भागावर मिळालेले 100 टक्के साम्य फसवे असते. आणखी एक गंमत अशी, की 16एस आरआरएनएसारखे (पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या एका घटकाचे) जनुक बहुतेक वनस्पतींच्या हरितलवकात दोनदा येते. त्यामुळे हरितलवकाच्या संपूर्ण डीएनएच्या (जीनोमच्या) नोंदीसमोर सर्व जुळण्यांचे एकूण गुण एकाच सर्वोत्तम जुळणीच्या कमाल गुणांच्या दुपटीच्या आसपास दिसतात. ती जुळणी दुप्पट चांगली आहे असे मुळीच नाही.

जाती ओळखण्याच्या बाबतीत सेवेचे बळ जनुकाच्या बळापलीकडे जाऊ शकत नाही. 2009 मध्ये वनस्पतींच्या डीएनए बारकोडसाठी, म्हणजे जात ओळखण्यासाठी ठरवलेल्या डीएनएच्या लहान तुकड्यांसाठी, आरबीसीएल आणि मॅटके या हरितलवकातील जनुकांच्या जोडीची शिफारस झाली, तेव्हा त्या जोडीने 72 टक्के जाती वेगळ्या ओळखता आल्या. उरलेल्यांच्या बाबतीत जवळच्या जातींच्या गटापर्यंतच पोहोचता आले. विलोसारख्या प्रजातीत संकर इतका झालेला आहे की अनेक जातींत हरितलवकाचा अनुक्रम सारखाच निघतो, आणि यादीत वेगवेगळ्या जातींची नावे एकाच 100 टक्क्यांवर रांगेने उभी राहतात. त्यांतले सर्वांत वरचे नाव निवडण्याला काहीही आधार नसतो. केंद्रकातील आयटीएस हा भाग जवळच्या जातींसाठी अधिक उपयोगी पडतो, पण त्याचे प्राइमर (हवा तो भाग प्रयोगशाळेत वाढवण्यासाठी वापरले जाणारे डीएनएचे छोटे तुकडे) पानात राहणाऱ्या बुरशीचा डीएनएही वाढवतात. तेव्हा यादीत अचानक बुरशीची नावे दिसली, तर दोष ब्लास्टला देऊ नये.

खरी तक्रार साठ्याच्या आशयाबद्दल आहे. अनुक्रमाला जोडलेले नाव जमा करणाऱ्याने दिलेले असते, आणि त्याची ओळख चुकली असेल तर ती चूक नोंदीत तशीच बसते; मूळ नोंद बदलण्याचा अधिकार जमा करणाऱ्याकडेच राहत असल्याने इतरांना ती उघड दिसत असूनही दुरुस्त करता येत नाही. यावर उपाय म्हणजे हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात, जपलेल्या नमुन्याचा क्रमांक, पण तो रकाना असंख्य नोंदींत रिकामा आहे. कॅनडातील ग्वेल्फहून चालणारा बोल्ड हा साठा बारकोडच्या नोंदींसाठी नमुन्याची माहिती आग्रहाने मागतो; तिथला वनस्पतींचा संग्रह मात्र जेनबँकेहून बराच लहान आहे. नावांच्या बदलांची दखल जेनबँक बऱ्यापैकी घेते, म्हणजे बाभळीचे अ‍ॅकेशिया निलोटिका हे जुने नाव शोधले तरी व्हॅचेलिया निलोटिकाच्या नोंदी मिळतात. पण नाव बदलणे निराळे आणि मुळात भलतीच वनस्पती गोळा झालेली असणे निराळे. आपली नामसूची अधिकृत प्रमाण मानू नये, असे केंद्राने स्वतःच लिहून ठेवले आहे. ही सूचना बहुतेक जण वाचत नाहीत.

निकालाच्या पानावर अंतरावर आधारित झाड काढून देणारा दुवाही आहे. एखादा अनुक्रम भलत्याच फांदीवर बसला आहे का, हे चटकन पाहण्यासाठी तो छान आहे, पण त्या फांद्यांना आधार किती हे तो सांगत नाही आणि शोधनिबंधात ते झाड छापणे योग्य नाही. त्यासाठी निवडक नोंदी उतरवून, त्यांची एकाखाली एक रीतसर मांडणी करून आयक्यू-ट्रीसारख्या प्रणालीने झाड काढावे, आणि नोंदी निवडताना नमुना क्रमांक असलेल्यांना पहिली पसंती द्यावी. शोधसेवा म्हणून ब्लास्टला मी पाचपैकी पाच गुण देईन; वनस्पतीचे नाव ठरवून देणारी सेवा म्हणून अडीच.