सपोर्टेड लिव्हिंग सर्व्हिस, दादा आता स्वतःच्या घरात राहतो (५ पैकी ४)

आधी सांगते, हे हॉस्पिटल नाही आणि हॉस्टेलही नाही. माझ्या दादाला स्किझोफ्रेनिया आहे, वय चाळिशीच्या पुढे, आणि ही सर्व्हिस त्याला त्याच्याच भाड्याच्या घरात राहायला मदत करते, म्हणजे करार त्याच्या नावावर, चावी त्याच्याकडे, सपोर्ट वर्कर ताई बेल वाजवून, विचारून आत येतात. आई-बाबा थकल्यावर ह्याचं कसं होणार ही काळजी ज्या भावंडांना आहे त्यांच्यासाठी लिहितेय.

मला सगळ्यात जास्त पटलं ते हे की यांनी घर आणि ट्रीटमेंट एकमेकांना बांधलेलं नाही. आधी आम्ही एक जागा बघितली होती तिथे नियम असा की गोळ्या बंद केल्या तर खोली खाली करा. अहो पण माणूस आजारी पडायला लागतो तेव्हाच तर गोळ्या सुटतात, आणि नेमकं तेव्हाच त्याला बाहेर काढायचं? हाउसिंग फर्स्ट म्हणतात ती पद्धत १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या सायकॉलॉजिस्टने बेघर लोकांसाठी सुरू केली, तिचा पायाच हा की उपचाराची अट न घालता आधी घर द्या, बाकीची मदत त्याच्या मागोमाग. इथे तेच बघितलं. मध्ये दादाला ऍडमिट करावं लागलं, तेव्हा भाडं भरलं जातंय ना, बिलं थकत नाहीत ना हे यांनीच बघितलं आणि तो परत आला तो थेट त्याच्याच घरी.

रोजची मदत पण डोकं लावून करतात. ताई त्याची कामं उरकून टाकत नाहीत, आधी दाखवतात, मग दोघं मिळून करतात, मग नुसत्या बाजूला थांबतात. वॉशिंग मशीन, बँक, डॉक्टरची अपॉइंटमेंट, सगळं असंच शिकला. वेळ जातो याच्यात, खूप जातो. लोक दादाला आळशी म्हणायचे तेव्हा फार लागायचं, कारण या आजारात काही सुरू करायची उमेदच आटते, आवाज ऐकू येणं गोळ्यांनी कमी होतं पण हे गोळ्यांनी फारसं हलत नाही. म्हणून सेंटरवर नेऊन शिकवण्यापेक्षा त्याच्याच घरात, त्याच्याच वस्तूंवर सराव करून घेतात ते बरोबर वाटतं.

औषधांची माहिती स्टाफला चांगली आहे. दादा क्लोझापिनवर आहे, त्याला पांढऱ्या पेशींसाठी नियमित रक्त तपासावं लागतं हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्याने होणारी बद्धकोष्ठता जीवावर बेतू शकते आणि सिगरेट एकदम सोडली तर औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं, हे दोन्ही आम्हाला पहिल्यांदा ताईंनी सांगितलं. तो बरा असताना त्याच्याकडूनच क्रायसिस प्लॅन लिहून घेतला, झोप कमी झाली, फोन बंद ठेवायला लागला की कोणाला कळवायचं, कोणतं औषध त्याला सोसत नाही, आणि घरच्यांना काय सांगायचं नाही हेसुद्धा. हे शेवटचं आईला आवडलं नाही पण मला योग्य वाटलं, मोठा माणूस आहे तो.

एक स्टार कापला तो दोन कारणांनी. स्टाफ सारखा बदलतो, आणि दादाला नवीन माणसावर विश्वास टाकायला महिने लागतात, तोवर ती व्यक्तीच सोडून जाते. दुसरं, एकटेपणा. घर मिळालं, संध्याकाळचं काय? क्लबहाउस नावाचा प्रकार असतो, न्यूयॉर्कचं फाउंटन हाउस १९४८ पासून चालू आहे, तिथे आजार असलेले लोक पेशंट नसतात, मेंबर असतात आणि स्टाफबरोबर मिळून सगळी कामं चालवतात. तसं काहीतरी यांनी सुरू करावं किंवा कुठे जोडून तरी द्यावं, मी फीडबॅकमध्ये लिहिलंय, परत लिहीन.

अशी सर्व्हिस बघायला जाल तर विचारा की करार कोणाच्या नावावर असतो, ऍडमिट झाला तर घर किती दिवस राखून ठेवता, रात्री फोन कोण उचलतं. ज्याला राहायचंय त्याला सोबत न्या आणि मॅनेजरशी बोलून झालं की तिथली मदत घेणाऱ्या एखाद्याशी, त्याची तयारी असेल तर, स्टाफ नसताना बोलायला मागा. आम्हाला बोलू दिलं होतं, त्यावरच दादाने होकार दिला.