नील की मिनिकॉय? समुद्र आणि गाव दोन्ही हवं असेल तर

बेटावर चार दिवस काढायचे म्हटलं की घरात दोन तट पडतात. एकाला पाण्यातून बाहेर यायचं नसतं. दुसऱ्याला तासाभरात वाळूचा कंटाळा येतो आणि गावात चक्कर मारावीशी वाटते. दोघांचीही सोय होईल अशी आपल्याच देशातली दोन लांबची बेटं म्हणजे अंदमानातलं नील आणि लक्षद्वीपमधलं मिनिकॉय. फोटोत दोन्हीकडे तेच हिरवट-निळं पाणी, तीच पांढरी वाळू, तेच माड. त्यामुळे लोक खर्चाचा आकडा बघून निवड करून मोकळे होतात. खरा फरक वेगळाच आहे. नीलवर तुमचा वेळ तुमच्या हातात असतो. मिनिकॉयला तो जहाजाच्या हातात असतो, पण त्या बदल्यात तिथे जे गाव बघायला मिळतं तसं भारतात दुसरीकडे नाही.

पोचायचं कसं

नीलचं गणित सोपं आहे. मुंबई-पुण्याहून बहुतेक वेळा चेन्नई किंवा कोलकात्यावरून विमानाने पोर्ट ब्लेअर. 2024 पासून त्याचं अधिकृत नाव श्री विजयपुरम आहे, बोलण्यात मात्र अजून जुनंच चालतं. नीलचंही 2018 मध्ये शहीद द्वीप झालं, तीच गोष्ट. तिथून समुद्रातून साधारण 37 किलोमीटर. खासगी वातानुकूलित बोटीने तास-दीड तास. सरकारी फेरीला थोडा जास्त वेळ लागतो, पण भाडं बरंच कमी आणि बाहेर उभं राहून वारा खाता येतो. भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. एक पथ्य मात्र पाळा: नीलहून परतायची बोट आणि घरी यायचं विमान एकाच दिवशी ठेवू नका. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही.

मिनिकॉयचं तसं नाही. लक्षद्वीपमध्ये पाऊल ठेवायला आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो. विमानतळ फक्त अगत्तीला, तोही छोट्या विमानांपुरता, आणि मिनिकॉय तिथून खूप दक्षिणेला, ‘नाइन डिग्री चॅनल’ नावाच्या समुद्राच्या पट्ट्यापलीकडे. म्हणजे कोचीहून जहाज, सुमारे 400 किलोमीटर, एक अख्खी रात्र समुद्रावर. लक्षद्वीपच्या पर्यटन खात्याची ‘समुद्रम’ नावाची पाच दिवसांची सहल आहे. तीत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही बेटं दिवसा दाखवतात आणि रात्री झोपायला जहाजावर आणतात. परवान्याचं कामही त्यातच उरकतं, ही मोठी सोय. पण मिनिकॉयच्या वाट्याला येतो जेमतेम एक दिवस, त्यातही उन्हाचे तास. पहाटेची वेळ, संध्याकाळी अंगणात बसलेली माणसं यातलं काही दिसत नाही. बेटावर मुक्कामाची सोय आहे, पण मग परतीचं जहाज कधी, यावर सगळं अवलंबून. वेळापत्रक हवामानावर आणि जहाजांच्या उपलब्धतेवर बदलतं. ज्यांना साहेबांकडून सोमवारी हजर राहण्याच्या बोलीवर रजा मिळते, त्यांनी इथेच विचार करावा.

गावातली चक्कर

इथे मात्र पारडं सरळ मिनिकॉयच्या बाजूने झुकतं, आणि थोडंथोडकं नाही.

मिनिकॉय हे चंद्रकोरीसारखं लांबट, चिंचोळं बेट. दहा हजारांच्या आसपास वस्ती, आणि ती एकमेकांना खेटलेल्या अकरा गावांत वाटलेली. या गावांना अथिरी म्हणतात. प्रत्येक गावाचा एक प्रमुख असतो, बोडुकाका. बायकांचा कारभार बघणारी स्त्री-प्रमुखही असते. गावाचं स्वतःचं सामुदायिक घर असतं, आणि जहाधोनी नावाची लांब, रंगवलेली शर्यतीची होडी. दोन गावांमधली सीमा बाहेरच्याला कळतही नाही, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत शिरावं इतकीच. पण होड्यांची शर्यत लागली की कोण कुठल्या गावचा हे विचारावं लागत नाही.

बाकीच्या लक्षद्वीपमध्ये मल्याळमशी नातं सांगणारी बोली चालते. मिनिकॉयची भाषा महल. ती मालदीवच्या धिवेहीची बहीण, आणि तिची थाना लिपी उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. घर आईकडून मुलीकडे जातं आणि लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. धर्माने सगळे मुसलमान. धर्म इस्लाम आणि वारसा आईकडून, ही जोडी ऐकून आपल्याकडच्या माणसाला पहिल्यांदा गोंधळायला होतं. तिथे ते पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट चालत आलं आहे. पुरुष कित्येक वर्षं व्यापारी जहाजांवर नोकरी करत आले. ते महिनोन्‌महिने समुद्रावर असताना घर आणि गाव बायकांच्या हाती राहणं स्वाभाविकच म्हणायचं. जहाजावर आयुष्य काढून निवृत्त झालेला एखादा गृहस्थ भेटला आणि त्याला हिंदी येत असेल, तर घाई करू नका. कुठल्याही गाइडपेक्षा तो जास्त सांगेल.

दुसरा व्यवसाय कुपा, म्हणजे ट्यूना माशाचा. जाळं न टाकता गळाने धरतात. होडीतल्या पाण्यात जिवंत ठेवलेली बारीक मासळी समुद्रात फेकायची, वर पाण्याचे फवारे मारायचे, आणि खवळलेला ट्यूनाचा थवा वर आला की बांबूच्या काठीने एकामागून एक मासा उचलून मागे टाकायचा. गळाला उलटा काटा नसतो, म्हणून मासा होडीत पडताच आपोआप सुटतो. जाळ्यात नको ते जीव अडकत नाहीत, त्यामुळे या पद्धतीचं जगभर कौतुक होतं. मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून कडक करतात, त्याला ‘मास’ म्हणतात. बेटावर ट्यूनाचा डबाबंद कारखानाही आहे. आणि 1885 मधलं दीपगृह. वर जाऊ देत असतील तर पायऱ्या मोजत न बसता चढा. वरून एका बाजूला खाजणाचं, म्हणजे प्रवाळाच्या कडेआतल्या उथळ समुद्राचं, शांत पाणी, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी असं अख्खं बेट एका नजरेत येतं.

या गावात पाहुण्यासारखं वागायचं. पोहण्याचे कपडे पर्यटकांच्या किनाऱ्यापुरते. गल्लीत फिरताना खांदे-गुडघे झाकलेले बरे. बायकांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत. बंगाराम बेट सोडलं तर लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे, तेव्हा तो बेत असेल तर मिनिकॉय बाद.

नीलची चक्कर वेगळ्या जातीची. तिला इतिहास आहे, पण ताजा. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना 1960 च्या दशकात इथे जंगल तोडून जमिनी दिल्या. गावांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर आणि मधलं नील केंद्र. बेटाला 1857 चं बंड निर्दयपणे चिरडणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव आणि गावांना रामायणातली. जेटीपासून सीतापूरचा किनारा पाचेक किलोमीटर. सायकल भाड्याने मिळते, सपाट रस्ता आहे, दोन्ही बाजूंना भाजीचे मळे, केळी, सुपारी, दारापुढे छोटी तळी. पोर्ट ब्लेअरच्या बाजाराला इथून भाजी जाते. कुणाची परवानगी नको, बरोबर कुणी नको, मनात येईल तिथे थांबा. भरतपूर आणि लक्ष्मणपूरच्या बाजूला आता हॉटेलं आणि स्कूटरी वाढल्या आहेत. गाव बघायचं तर सकाळी रामनगर-सीतापूरकडे वळा. छान वाटेल. पण एका फेरीत कळण्यासारखं कळून जातं. मिनिकॉयला एका दिवसात फक्त प्रश्न पडतात.

पाण्याचं काय

समुद्रासाठीच जायचं असेल तर चढाओढ जवळजवळ बरोबरीची, स्वभाव मात्र वेगळा.

नीलवर एकाच बेटावर तीन-चार तऱ्हेचे किनारे आहेत. सूर्योदयाला सीतापूर, सूर्यास्ताला लक्ष्मणपूर, प्रवाळ बघायला आणि काचेच्या तळाच्या होडीला भरतपूर. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर खडकाची नैसर्गिक कमान आहे, स्थानिक तिला हावडा ब्रिज म्हणतात. तिथपर्यंत जायचं ते ओहोटीलाच, आणि खडक निसरडे, म्हणून पकड असलेल्या चपला हव्यात. कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण बाकीच्यांनी हॉटेलात पोचल्या पोचल्या भरती-ओहोटीच्या वेळा विचाराव्यात. ओहोटीला बऱ्याच ठिकाणी पाणी इतकं मागे जातं की उरतो तो फक्त मेलेल्या प्रवाळाचा खडक, आणि पोहायला आलेली मंडळी हिरमुसतात.

घड्याळाचीही गंमत लक्षात ठेवा. नील 93 अंश पूर्वेला, वेळ मात्र आपलीच. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी जेवून एक डुलकी काढू म्हणालात तर दिवस संपला. मिनिकॉय 73 अंशांवर, जवळजवळ मुंबईच्या सरळ खाली, तिथे संध्याकाळ आपल्या सवयीच्या वेळेलाच होते.

मिनिकॉयचं पश्चिमेचं खाजण मोठं, उथळ आणि शांत. लाटा बाहेर प्रवाळाच्या कडेवर फुटतात, आत मुलं निर्धास्त डुंबू शकतात. तिथल्या थुंडी किनाऱ्याला 2022 मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना दिलं जाणारं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. पूर्वेकडे मात्र नुसतं बघायचं, पाण्यात उतरायचं नाही. पोहायला जेमतेम येणाऱ्यांसाठी मी नीलपेक्षा हे खाजण निवडेन.

प्रवाळाच्या जाहिरातींवर दोन्हीकडे फार विसंबू नका. पाणी तापून प्रवाळ पांढरं पडण्याचे तडाखे लक्षद्वीपला 1998, 2010 आणि 2016 मध्ये बसले, अंदमानला 2010 चा जबर होता. मासे भरपूर दिसतात, रंगीबेरंगी बाग दिसेलच असं नाही. शंख-प्रवाळ पिशवीत भरून आणायला दोन्हीकडे बंदी आहे, आणि तपासणीत ते निघतात.

जेवण

मासे खाणाऱ्याला दोन्हीकडे चैन. नीलवर बंगाली झोल-भात, मिनिकॉयला ट्यूना आणि नारळ. शाकाहारी कुटुंबाला नील निःसंशय सोपं, कारण भाजी शेजारच्या मळ्यातली. मिनिकॉयला ती जहाजाने येते.

मग कुणी कुठे

आई-वडिलांना घेऊन जात असाल तर नील. त्यांना सेल्युलर जेल बघायचं असतंच. सावरकर 1911 ते 1921 तिथे होते, आणि मराठी घरातल्या ज्येष्ठांसाठी अंदमान म्हणजे आधी ती कोठडी आणि मग समुद्र. पोर्ट ब्लेअरला दोन दिवस, नीलला दोन-तीन रात्री, असा बेत कुणालाच दमवत नाही. शिवाय जहाजाच्या शिडीवरून हलत्या होडीत उतरणं, जे लक्षद्वीपमध्ये काही बेटांवर करावं लागतं, ते गुडघेदुखीवाल्यांना जमत नाही.

पहिल्यांदाच बेटावर जाणारं जोडपं, लहान मुलं, रजा मोजून चार दिवस, तर नीलच. पण अंदमान आधी झालं असेल, किंवा तुम्ही किनाऱ्यापेक्षा माणसांत जास्त रमत असाल आणि रजेला पुढेमागे दोन दिवसांची सवड असेल, तर मिनिकॉयला जा. शक्य झाल्यास सहलीच्या एका दिवसावर न भागवता मुक्कामाने. जहाज जुळतच नसेल तर अगत्तीचा विचार करा. कोचीहून विमान आहे, बेट अरुंद असल्यामुळे पायी पालथं घालता येतं, खाजणही सुरेख. अकरा गावांचा तो संसार मात्र तिथे नाही.

महिन्यांचं म्हणाल तर डिसेंबर ते एप्रिल दोन्हीकडे चांगले. दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला परतीच्या पावसाची आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळांची धास्ती असते. मेच्या सुट्टीत लक्षद्वीप करायचं तर पहिल्या पंधरवड्यातच, कारण त्यानंतर पावसाळ्यापर्यंत जहाजांचा भरवसा कमी होत जातो. नीलसाठी आधी विमान, मग बोट, मग हॉटेल, हा क्रम. मिनिकॉयसाठी नेमका उलटा: आधी जहाजाची तारीख आणि परवाना हातात घ्या, कोचीचं तिकीट सगळ्यात शेवटी काढा, आणि तेही तारीख बदलता येईल असं.