मंथली कॉन्टॅक्ट लेन्स: गणपतीपासून रोज वापरतेय, माझा अनुभव (नंबर मायनस ६)

दोन्ही डोळ्यांना मायनस ६, शाळेपासून जाड काचा, आणि पुण्यात पावसात गाडी चालवताना हेल्मेटच्या आत चष्म्यावर वाफ धरली की समोरचं काही म्हणजे काही दिसायचं नाही, म्हणून गेल्या गणपतीच्या आधी लेन्स घेतल्या. आता आंबे आलेत बाजारात, इतके महिने रोज वापरून झाल्यात तर लिहायला हरकत नाही. मला लेन्स मनापासून आवडल्यात. मोठ्या नंबरवाल्यांना तर फरक फारच जाणवतो, कडेचं सगळं दिसतं, वस्तू चष्म्यातून बारीक दिसायच्या त्या नीट आकाराच्या दिसतात, जिना उतरताना मान खाली घालावी लागत नाही.

ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्या डोळ्याला जी बसली ती तुमच्या डोळ्याला बसेलच असं नाही. माझ्या बॉक्सवर बेस कर्व्ह (लेन्सच्या आतल्या बाजूची गोलाई) ८.६ आणि डायमीटर (लेन्सची रुंदी) १४.२ आहे, दोन्ही मिलिमीटरमध्ये, ते डोळा मोजून, लेन्स घालून, पापणी मिटल्यावर ती किंचित हलते का हे मशीनखाली बघून ठरवलंय. आणि चष्म्याचा नंबर तोच लेन्सचा नसतो बरं का, चष्मा डोळ्यापासून लांब असतो आणि लेन्स थेट डोळ्यावर, त्यामुळे साधारण ४ च्या पुढे नंबर बदलतो, माझ्या मायनस ६ ला लेन्स मायनस ५.५० ची लागते. सिलिंडर (तिरपा नंबर) जास्त असेल तर टोरिक, म्हणजे त्यासाठीची खास लेन्स, घ्यावी लागते. आमच्या भागात एका दुकानात नुसता नंबर सांगितला की बॉक्स हातात देतात, कोणी डोळ्यात बघतसुद्धा नाही, हे बघून खरंच राग येतो. लग्नसराईत रंगीत लेन्स मैत्रिणी-मैत्रिणीत फिरतात तेही तसंच, नंबर नसला तरी ती डोळ्यावरच बसणार आहे ना!

सुरुवातीला ट्रायलला साध्या हायड्रोजेलच्या (पाणी शोषून मऊ राहणाऱ्या प्लास्टिकच्या) दिल्या होत्या, ५९ टक्के पाणी असलेल्या. घातल्यावर एकदम मऊ, पण ऑफिसच्या एसीत चार वाजले की डोळे कोरडे. पाणी जास्त म्हणजे ओलावा जास्त असं मला वाटायचं, तर नंबर तपासणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्ट मॅडमनी समजावलं की उलट जास्त पाण्याची लेन्स स्वतः ओली राहायला डोळ्यातलंच पाणी ओढते. ही मऊ लेन्स मुळात ओटो विख्टरले नावाच्या चेक शास्त्रज्ञाची, १९६१ च्या ख्रिसमसला त्यांनी घरीच मुलांच्या जोडणीच्या खेळण्यातून मशीन बनवून त्यावर लेन्स ओतल्या, मला ही गोष्ट फार आवडते. पण त्या मटेरियलमधून ऑक्सिजन पाण्यावाटेच जातो, आणि कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, रक्तवाहिन्या नसल्याने डोळा उघडा असताना ऑक्सिजन मुख्यतः थेट हवेतूनच घ्यावा लागतो. म्हणून मग सिलिकॉन हायड्रोजेल घेतल्या, पाणी ३३ टक्केच, ऑक्सिजन सिलिकॉनमधूनही जातो, आणि संध्याकाळपर्यंत छान चालतात. स्क्रीनसमोर आपण पापण्या कमी मिटतो, त्यामुळे मधूनमधून मुद्दाम मिटायच्या आणि लेन्सला चालणारे ड्रॉप्स ठेवायचे. गुलाबपाणी नको, कितीही घरगुती असलं तरी.

घालायला जमेल का, हे सगळे विचारतात. जमतं. साध्या साबणाने हात धुवायचे, क्रीमवाल्या नाही, आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने कोरडे करायचे, बोट ओलं असलं की लेन्स बोटालाच चिकटून बसते. रोज उजव्या डोळ्यापासूनच सुरू करायचं म्हणजे अदलाबदल होत नाही. लेन्स बोटाच्या टोकावर उजेडात धरायची, कडा वाटीसारख्या सरळ वर हव्यात, बाहेर फाकल्या असतील तर उलटी आहे. मग दुसऱ्या हाताने वरची पापणी अगदी केसांच्या मुळाशी धरायची, इथेच बहुतेकांचं अडतं, पापणी लांबून धरली की ती मिटतेच. लेन्स धरलेल्या हाताच्या मधल्या बोटाने खालची ओढायची, आरशात सरळ बघत लेन्स टेकवायची, खाली बघायचं, मग पापण्या हळू सोडायच्या. काढताना वर बघून लेन्स खाली पांढऱ्या भागावर सरकवायची आणि बोटांच्या पेरांनी चिमटीत धरायची, नखं लावायची नाहीत. कोरडी वाटली तर आधी ड्रॉप्स टाकून थोडं थांबायचं. ती डोळ्याच्या मागे जात नाही, तिथे पडदा बंद असतो, आईला हे पटवायला मला बराच वेळ लागला.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. लेन्सला पाणी लागू द्यायचं नाही. नळाचं नाही, फिल्टरचं नाही, उकळलेलंही नाही. पाण्यात, सोसायटीच्या टाकीत, विहिरीत अकँथअमीबा नावाचा जीव असतो, तो लेन्सखाली अडकून कॉर्नियात शिरला तर उपचार महिनोन् महिने चालतात आणि नजर जाऊ शकते. त्याने स्वतःभोवती कवच केलं की तो क्लोरीनलाही दाद देत नाही. म्हणून अंघोळ, स्विमिंग, भुशी डॅमला भिजायला जाणं, रंगपंचमी, यातलं काहीही असलं की लेन्स घरी आणि चष्मा डोळ्यावर. रात्री काढल्यावर तळहातावर लेन्सचं सोल्युशन घेऊन हळू चोळायची, बाटलीवर नो रब (चोळायची गरज नाही) लिहिलेलं असलं तरी, मग ताज्या सोल्युशनमध्ये ठेवायची. कालच्या उरलेल्यात वर थोडं ओतायचं हे अजिबात नको. सकाळी डबी रिकामी करून सोल्युशननेच धुऊन टिश्यूवर पालथी घालायची, तीन महिन्यांनी नवी. आणि मंथली म्हणजे पाकीट फोडल्यापासून ३० दिवस, मध्ये घातली नाही तरी तारीख पुढे जात नाही, मी कालनिर्णयवर लिहून ठेवते. झोपताना काढायचीच, दुपारची डुलकी असली तरी.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसलं तर लेन्स लगेच काढून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, लेन्स आणि डबी सोबत न्यायची कारण त्यावरून तपासणी करता येते. कृपा करून मेडिकलमधून विचारून ड्रॉप्स घेऊ नका, त्यात स्टेरॉइड असलं तर इन्फेक्शन आतल्या आत वाढतं आणि वरून डोळा बरा दिसतो.

मिरच्या चिरल्या असतील तर त्या संध्याकाळी लेन्स बहिणीकडून काढून घेते, साबणाने तिखट पूर्ण जात नाही. मेकअप लेन्स घातल्यावर, आणि उतरवायचा लेन्स काढल्यावर. गावी कोकणात जाताना मात्र पुढच्या वेळी रोज फेकायच्या लेन्स नेणार आहे, महाग पडतात पण तिथे डबी आणि सोल्युशन सांभाळायचं कामच राहत नाही.