कॉपर म्हणून विकलेला लो प्रोफाइल सीपीयू कूलर, घेण्याआधी वाचा

लहान कॅबिनेटमध्ये पीसी बिल्ड करणाऱ्यांनी हे जरूर वाचा, लो प्रोफाइल, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कमी उंचीच्या, कूलरच्या नावाखाली सरळ लुबाडणं चाललंय.

माझं कॅबिनेट मिनी आयटीएक्स आहे, ४५ मिमीपेक्षा उंच कूलर आत बसतच नाही, आणि प्रोसेसर आय५-१२४००. नॉक्टुआ कंपनीचा ३७ मिमीवाला एनएच-एल९आय बजेटच्या बाहेर जात होता म्हणून एका ऑनलाइन सेलरकडून २,८०० ला एक कूलर मागवला, लिस्टिंगमध्ये लिहिलेलं "प्युअर कॉपर, ४ हीटपाइप, १३० वॉट" आणि बॉक्सवर वजन ५२० ग्रॅम छापलेलं.

बसवला, सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारी टेस्ट) चालू केलं आणि टेम्परेचर बघता बघता १०० डिग्रीला. तिथे हा प्रोसेसर स्वतःला वाचवायला क्लॉक, म्हणजे स्पीड, खाली आणतो, म्हणजे एवढा प्रोसेसर घेऊन काय उपयोग! प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट पुसून परत लावली, स्क्रू परत आवळले, काडीचा फरक नाही. सेलरचं ठरलेलं उत्तर, "दादा, पेस्ट नीट लागली नसेल."

मग किचनमधल्या वजनकाट्यावर ठेवला तर फॅनसकट २७० ग्रॅम. फिनच्या, म्हणजे कूलरच्या पातळ पट्ट्यांच्या, कडेला कानस घासली तर लाल रंग लगेच उडाला आणि खाली पांढरं ॲल्युमिनियम. तांब्याची घनता ८.९६ आणि ॲल्युमिनियमची २.७० ग्रॅम प्रति घन सेंमी, म्हणजे तेवढ्याच आकाराचा तुकडा तांब्याचा असेल तर तिपटीहून जड भरतो, त्यामुळे वजन खोटं बोलत नाही. लोहचुंबकाने चेक करत बसू नका, तो दोन्हीला चिकटत नाही.

नुसत्या ॲल्युमिनियमच्या फिन असत्या तर मी एवढा चिडलो नसतो, चांगल्या कंपन्यांच्या बऱ्याच कूलरमध्येही बेस आणि पाइप तांब्याचे आणि फिन ॲल्युमिनियमच्याच असतात. खरी लबाडी पाइपमध्ये आहे. हीटपाइप आतून पोकळ असतो, त्यात थोडंसं पाणी सील केलेलं असतं, ते गरम टोकाला वाफ होऊन थंड टोकाकडे जातं, तिथे परत पाणी होऊन मागे येतं, म्हणून उष्णता झटकन पसरते. फॅन काढून कूलरचा बेस गरम पाण्यात धरला, तर पाइपची लांबची टोकं बराच वेळ नुसती कोमट. एक पाइप करवतीने कापला, आत भरीव ॲल्युमिनियमची कांडी निघाली. फॅनचा प्लग चार पिनचा पण वायर तीनच, म्हणजे फॅनचा स्पीड कमीजास्त करणारा पीडब्ल्यूएम कंट्रोलही नाही.

त्या १३० वॉटवरही, म्हणजे कूलर किती उष्णता बाहेर टाकतो त्या आकड्यावरही, जाऊ नका. हा आकडा कसा मोजायचा याचा सगळ्यांसाठी एक असा नियमच नाही, ज्याला जे वाटेल ते छापतो. १२४०० चा बेस पॉवर ६५ वॉट असला तरी टर्बोला, म्हणजे फुल स्पीडला, ११७ पर्यंत जातो, त्यामुळे तुमच्याच प्रोसेसरवर कोणी टेस्ट केलीय का ते बघा.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि कूलर बसवायच्या आधी वजन करा, कारण पेस्ट लागली की "वापरलेला माल परत घेत नाही" हे ऐकावं लागतं. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर काट्याचा आणि कापलेल्या पाइपचा फोटो देऊन तक्रार केलीय. त्यानंतर सेलरचा मेसेज आला, रिव्ह्यू काढलात तर अर्धे पैसे देतो. रिव्ह्यू काढणार नाही आणि पैसे पूर्ण घेणार, असं त्याला कळवलंय.